जुनापाणीची शिळावर्तुळं: तिथे नेमकं बघायचं काय?

संत्राबर्फी

स्पष्टच विचारतो. नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर जुनापाणी आहे. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत आणि ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहेत. आंतरजालावर वाचाल तर 'विदर्भाचं स्टोनहेंज', 'तीन हजार वर्षांपूर्वीचं गूढ' वगैरे. प्रत्यक्षात काय? माळरान, खुरटं गवत, गोलात मांडलेले काळे धोंडे, आणि एक फलक. नासधूस केली तर शिक्षा काय होईल ते फलकावर ठळक आहे, पण नासधूस कशाची ते कळत नाही. बरोबर पुण्याचे पाहुणे होते. त्यांनी दहा मिनिटांत गाडीकडे पाय वळवले.

तर प्रश्न असा की या दगडांत एवढं संरक्षण देण्याजोगं आहे तरी काय? आणि खरंच काही असेल तर नीट विकास का करत नाहीत? रस्ता, दिवे, माहिती केंद्र, एखादं वर्तुळ उघडून वर काच. माझं मत सरळ आहे. जे दिसत नाही ते लोक जपत नाहीत. तुमचं?

फुटाणा

पुण्याचे पाहुणे दहा मिनिटं थांबले हेच त्या जागेचं महत्त्व समजा.

वऱ्हाडी_ठेचा

अबे भाऊ, कोणत्या महिन्यात गेलता? दुपारी बारा वाजता उन्हात नेलं असन तं पाहुणा ताजमहालातूनही पळून जाईन.

खापरतुकडा

संत्राबर्फी, तुम्ही वरचा थर पाहून आलात, म्हणून निराशा झाली. खालची रचना साधारण अशी असते: मुरमाड माळावर जागा थोडी उकरून साफ करायची. तिथे मृताचे अवशेष ठेवायचे, बहुतेकदा अख्खा देह नाही, निवडक हाडंच. सोबत भांडी, हत्यारं, दागिने. त्यावर चिकट काळी माती, तिच्यावर दगडगोटे आणि मुरूम यांचा ढीग, आणि हा ढीग घसरू नये म्हणून परिघावर मोठाले धोंडे. म्हणजे मुळात तो एक उंचवटा होता. अडीच-तीन हजार पावसाळ्यांत तो बसला, आता मधला भाग किंचित फुगल्यासारखा दिसतो एवढंच. लोकांची नजर धोंड्यांवर जाते, पण खरं दफन त्या फुगवट्याखाली आहे.

ती काळी माती माळावरची नाही, सखल भागातून वाहून आणलेली आहे. एका वर्तुळासाठी किती पाट्या लागल्या असतील याचा अंदाज करा, आणि मग जवळपास ३०० ने गुणा.

आता महत्त्व. नागपूर जिल्ह्यात अशा जागा ढिगाने आहेत. टाकळघाट-खापा इथे १९६८-६९ मध्ये आणि माहूरझरीला १९७०-७२ मध्ये शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं. नंतर १९७८ ते १९८० मध्ये देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी नैकुंड खणलं. जुनापाणीला त्याआधीच, १९६१-६२ च्या हंगामात, बा. कृ. थापर यांनी तीन वर्तुळं उघडली होती. या सगळ्यातून जे दिसतं त्याचा काळ ढोबळ इ.स.पू. १००० ते ३००. विदर्भात लोखंड कधी आलं, कोणी वापरलं, या लोकांकडे घोडे कसे होते, या प्रश्नांची उत्तरं आपल्याला मुख्यतः याच दफनांनी दिली. कारण त्या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही.

रानवाटा

घोडे? जरा विस्ताराने लिहा ना.

खापरतुकडा

माहूरझरीला घोड्याचे अवशेष मिळाले ते साजासकट. तोंडावर बसवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार, खिळ्यांनी चामड्यावर जडवलेले असावेत असे. चामडं अर्थातच उरलं नाही. लोखंडी लगामाच्या कड्याही मिळाल्या. माणसाच्या दफनात सजवलेला घोडा ठेवणारा समाज घोड्याला नुसतं ओझ्याचं जनावर समजत नव्हता, हे उघड आहे.

गूगली

म्हणजे घोडा आला म्हणजे आर्य आले का? :)

नोटरी_काका

गूगली, तुम्ही दरवेळी हेच करता. इथून पुढे तीनशे प्रतिसाद आर्यांवर होतील आणि जुनापाणी राहील बाजूला. कृपया वेगळा धागा काढा.

गूगली

काढला तर याल का?

नोटरी_काका

नाही.

लोहारगल्ली

घोड्यापेक्षा मला नैकुंडची भट्टी मोठी वाटते. तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली. वक्राकार विटा, भात्याच्या मातीच्या नळ्यांचे तुकडे, धातुमळीचे ढीग. काळ साधारण इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपास. म्हणजे वर्तुळांत मिळणाऱ्या कुऱ्हाडी आणि खंजीर कोण्या परप्रांतीय व्यापाऱ्याने आणून विकलेले नाहीत, इथल्याच माणसांनी इथेच गाळून ठोकलेले आहेत.

त्या चपट्या कुऱ्हाडी नीट बघितल्या आहेत का कोणी? पात्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, दांडा घट्ट आवळून धरायला. पात्याला भोक पाडून दांडा ओवणं हे आज आपल्याला सोपं वाटतं, पण तापलेल्या लोखंडात नीट भोक पाडणं त्या काळी कटकटीचं काम. मग त्यांनी दुसरी वाट काढली. मी स्वतः या धंद्यातल्या घरातला आहे, मला त्या पट्ट्यांत कारागिराचं डोकं दिसतं. सोन्याचा दागिना मिळाला की बातमी होते, कुऱ्हाडीची होत नाही.

रानवाटा

+१. वाचनखूण साठवली.

ढगाळ

मला एक हिशेब खटकतो. जुनापाणीला ३०० वर्तुळं. समजा वापर ५०० वर्षं झाला. म्हणजे दोन वर्षांत एखादंच दफन झालं. वस्तीत माणसं काही दोन वर्षांतून एकदा मरत नसणार. मग बाकीचे गेले कुठे?

खापरतुकडा

हाच तर खरा प्रश्न आहे, आणि तो विचारायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. एका वर्तुळात कधी एकाहून जास्त व्यक्तींचे अवशेष असतात, बरीच वर्तुळं नाहीशी झाली आहेत, हे सगळं धरलं तरी हिशेब बसत नाही. याचा सरळ अर्थ, वर्तुळ सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हतं. बाकीच्यांना जाळलं असेल, साधं पुरलं असेल, उघड्यावर ठेवलं असेल. त्याच्या खुणा उरल्या नाहीत.

शिरूरची_सई

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावशी ताडून बघा. ते याच्याही आधीचं, ताम्रपाषाणयुगातलं, म्हणजे तांबं आणि दगड वापरायचे तेव्हाचं. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे लोक घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून, आणि मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेला माणूस घरातच हवा, पण उठून चालू लागायला नको, असा काहीसा विचार असावा. (हा माझा अंदाज नाही, उत्खनन करणाऱ्यांनीही असाच अर्थ लावला आहे.)

विदर्भातली माणसं नेमकी उलट वागली. वस्ती एकीकडे, मेलेले दुसरीकडे माळावर, आणि वर दगडांचं कडं. महाराष्ट्राच्या दोन टोकांना माणसं मृत्यूबद्दल इतका वेगळा विचार करत होती, हे मला त्या घोड्यापेक्षाही थक्क करतं.

वऱ्हाडी_ठेचा

सईताई, पाय तोडायचे? आन् मंग स्वर्गात रांगत जायचं का माणसानं?

शिरूरची_सई

जाऊ नये म्हणूनच तर तोडले, भाऊ.

अजबबंगलावाला

थोडं अवांतर. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत, पण तो हिस्लॉप कसा गेला ते फार जणांना ठाऊक नसतं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी, भूशास्त्राचा नादिष्ट. सप्टेंबर १८६३ मध्ये तो मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपलबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला. परतताना बोरीला एका शाळेची तपासणी करायला मागे थांबला, आणि अंधारात घोड्यावरून ओढा ओलांडताना पुरात बुडाला. विदर्भातल्या महापाषाणांवर, म्हणजे अशा मोठ्या दगडांच्या दफनांवर, लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतला माणूस त्याच पायी गेला म्हणायचं.

त्यानंतर रिवेट-कार्नॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळं उघडली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. धोंड्यांवरच्या वाटीसारख्या खळग्यांनी त्याला झपाटलं होतं. युरोपातल्या थडग्यांच्या दगडांवरही तसेच खळगे असतात, म्हणून दोन्हीकडचे लोक एकाच वंशाचे, असा त्याचा सूर. ते आज कोणी मानत नाही. पण खळग्यांची त्याने घेतलेली नोंद उपयोगी पडते.

संत्राबर्फी

खळगे? मला एकही दिसला नाही!

खापरतुकडा

उन्हं डोक्यावर असताना दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. प्रकाश तिरका आला की खळग्यात सावली बसते आणि धोंड्यावर ओळीने टिंबं उमटतात, कधी एकाशेजारी एक समांतर रांगा. सगळ्या धोंड्यांवर नाहीत, काही मोजक्याच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खळगेवाले धोंडे वर्तुळात कोणत्या दिशांना आहेत ते तपासलं आणि त्याचा आकाशाशी संबंध असावा असं मांडलं.

ढगाळ

आकाशाचं मला पटत नाही. तीनेकशे वर्तुळं आणि त्यांतले काही धोंडे, यांत शोधायचं म्हटलं तर कुठली ना कुठली दिशा कुठल्या ना कुठल्या ताऱ्याशी जुळणारच. शिवाय अडीच हजार वर्षांत धोंडे ढकलले गेले असतील, गुराख्यांनी हलवले असतील.

रानवाटा

पण टनावारी धोंडा गुराखी कशाला हलवेल?

ढगाळ

तो नाही हलवणार. पण बांध घालणारा आणि रस्ता करणारा हलवतो.

कोरडवाहू

ढगाळ बोलले ते खरं आहे. मी हिंगणा भागातला शेतकरी. आमच्या पट्ट्यात माझ्या आजोबांच्या वेळेस शेतात अशी वर्तुळं होती म्हणतात. नांगराला धोंडा आडवा आला की काढून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकायचा, हीच रीत. कोणाला माहीत ते काय आहे? जुनी माणसं 'गवळ्यांचं काहीतरी' एवढंच सांगायची. मुरमाचं टेकाड असलं की मुरूम खोदून नेतात, त्यात गेलं ते गेलंच.

तुम्ही शहरातले लोक संरक्षित जागेची चर्चा करता. तिथे निदान फलक तरी आहे. ज्याला फलकच नाही त्याचं काय? आणि फलक लागला तर शेतकऱ्याला घर बांधायची पंचाईत, म्हणून वर्तुळ सापडलं तरी कोणी सांगत नाही. मी पण नाही सांगणार, खरं बोलतो.

नोटरी_काका

कोरडवाहू यांचा मुद्दा कायद्याने समजून घ्या. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगी घेऊन. नासधुशीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

ताजमहालाला हे ठीक आहे. पण शिळावर्तुळांची जागा माळभर पसरलेली असते, त्यामुळे तिची हद्द आणि भोवतीचे ३०० मीटर धरले तर गावाची बरीच जमीन त्यात सापडते. शेतकऱ्याला राग येणारच. मात्र शेती करायला कायदा अडवत नाही, बांधकामाला अडवतो, हेही सांगितलं पाहिजे. आणि केवळ तुमच्या शेतात वर्तुळ आहे म्हणून हे नियम लागत नाहीत. आधी अधिसूचना, मग हरकतींसाठी मुदत, मग संरक्षण, असा क्रम असतो.

जाता जाता: गुप्तधनवाल्यांसाठी १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं.

फुटाणा

दहा रुपये! म्हणजे चहाचा कप सापडला तरी कलेक्टर कचेरी.

वऱ्हाडी_ठेचा

गुप्तधनवाले रात्री येऊन खोदून ऱ्हायले ना भाऊ काही ठिकाणी. निंबू, हळद, कुंकू, आन् खाली भेटते काय? फुटकं मडकं आन् जंगलेली कुऱ्हाड. मंग ते तिथंच फेकून जाते.

खापरतुकडा

आणि तेच सगळ्यात मोठं नुकसान. कुऱ्हाड कोणत्या थरात होती, हाडांच्या कोणत्या बाजूला होती, शेजारचं भांडं पालथं होतं की उताणं, हे गेलं की उरलेल्या कुऱ्हाडीला भंगाराचा भाव.

डब्लिनचा_दामू

विकासाबद्दल लिहितो, कारण मी सध्या राहतो तिथून आयर्लंडातलं न्यूग्रेंज गाडीने तासाभरावर आहे. इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं दफन, गीझाच्या पिरॅमिडहून जुनं. सुमारे ८५ मीटर रुंदीचा मातीदगडांचा ढिगारा, आत चिंचोळी दगडी वाट आणि दफनाची खोली. दाराच्या वर एक झरोका आहे. डिसेंबरमध्ये वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास उगवत्या सूर्याची तिरीप त्यातून थेट आतपर्यंत पोचते. तिथे उत्खनन करणाऱ्या मायकल ओ'केली यांनी डिसेंबर १९६७ मध्ये आत बसून ते पाहिलं. आता त्या पहाटे आत जायला सोडत काढतात.

संत्राबर्फी म्हणतात ते सगळं तिथे आहे. माहिती केंद्र आहे, बस आहे, आत मोजकीच माणसं सोडतात. पण ढिगाऱ्याच्या दर्शनी बाजूला जी पांढऱ्या गारगोट्यांची उभी भिंत दिसते ती विसाव्या शतकात पुन्हा रचलेली आहे. गारगोट्या मूळच्याच, पायथ्याशी सापडलेल्या. पण त्या भिंतीत होत्या की जमिनीवर पसरलेल्या, यावर अजून वाद आहे. भिंत सरळ उभी राहावी म्हणून मागे काँक्रीट घातलं. लाखो लोक त्या भिंतीचे फोटो काढतात, आणि कदाचित पाच हजार वर्षांपूर्वी ती तशी नव्हतीच. आपल्याकडे विकास म्हटला की धोंड्यांना ऑइलपेंट लागेल आणि मध्ये कारंजं येईल, ही भीती मला वाटते.

रानवाटा

आणि 'आय लव्ह जुनापाणी' असं लाल अक्षरांत!

संत्राबर्फी

दामू, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. भिंत चुकीची असेल, पण न्यूग्रेंज जगाला माहीत आहे आणि त्याला कोणी मुरमासाठी खोदत नाही. जुनापाणी शुद्ध आहे आणि ओसाड आहे. शुद्धतेचं काय लोणचं घालायचं?

कोरडवाहू

बरोबर. माणसं आली तर गावात दोन पैसे येतील, मग गाव स्वतः राखण करेल.

शिरूरची_सई

यावर कर्नाटकातलं हिरेबेणकल बघा. कोप्पळ जिल्ह्यात, टेकडीवर दगडी फळ्यांची शेकडो दफनघरं. २०२१ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलं. तिथे चढून जावं लागतं, त्यामुळे जो जातो तो बघायलाच जातो. पण ते जमिनीच्या वर उभं आहे, फोटोत छान येतं. आपली वर्तुळं आडवी, फोटोत नुसते दगड. म्हणूनच मागे पडली, असं मला वाटतं.

लोहारगल्ली

मग वरून फोटो काढा की. ड्रोनने घेतलेल्या चित्रात वर्तुळांची दाटी, त्यांचे लहानमोठे आकार सगळं एका नजरेत येईल. (परवानगी घेऊन हो, नाहीतर नोटरी काका दुसरं कलम काढतील.) असा एक मोठा फलक दारात लावला तरी पाहुणे अर्धा तास थांबतील.

खापरतुकडा

संत्राबर्फींशी माझा वाद एकाच शब्दापुरता, 'उघडून'. नवं वर्तुळ दाखवण्यासाठी उघडायला माझा ठाम विरोध आहे. खोदलेलं परत भरता येतं, पण परत खोदता येत नाही. देवांच्या काळी भांड्याच्या आत चिकटलेल्या अन्नाच्या अंशाची किंवा हाडातल्या डीएनएची तपासणी कोणाच्या डोक्यातही नव्हती. आज होते. पन्नास वर्षांनी आणखी काय होईल ते ठाऊक नाही, म्हणून बंद वर्तुळं ही शिल्लक आहे. नैकुंड, भागीमोहारी इथल्या वस्तीच्या थरांतून गहू, जव, तांदूळ, मसूर असे जळके दाणे मिळाले, तेही माती पाण्यात घोळून बघायची पद्धत रुळली म्हणून. आधीच्या लोकांनी ती माती फेकून दिली होती.

पण थापरांनी उघडलेली वर्तुळं आहेतच की. रिवेट-कार्नॅकने उघडलेलीही. त्यांतलं जे ओळखता येईल त्याच्याशेजारी थरांची प्रतिकृती उभी करा, खऱ्या मापाची. काळी माती, गोटे, मुरूम, तळाशी भांड्यांच्या आणि कुऱ्हाडींच्या नकला. हात लावू द्या, लेकरांना आत उतरू द्या. माझी काहीच हरकत नाही.

संत्राबर्फी

हे चालेल. प्रतिकृतीवर काच मात्र नको, वऱ्हाडी ठेचा म्हणतात त्या उन्हात आत भाजून निघेल माणूस. पण दिव्यांचं काय?

डब्लिनचा_दामू

दिवे नकोत. संध्याकाळी बंदच ठेवा. रात्री उजेड केला की बाटल्या येतात, हे आयर्लंडातही खरं आहे.

ढगाळ

आणि फलकावर आकाशाबद्दल लिहिणार असाल तर 'असं एक मत आहे' असं लिहा.

अजबबंगलावाला

ज्यांना वस्तू बघायच्या आहेत त्यांनी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय आधी करावं, आमचा अजब बंगला. विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागाकडे आणि पुण्यात डेक्कन कॉलेजातही संग्रह आहेत. आधी वस्तू पाहिल्या की माळावरचा फुगवटा वेगळा दिसतो. क्रम उलटा केला की संत्राबर्फींच्या पाहुण्यांसारखं होतं.

कोरडवाहू

खापरतुकडा, एक विचारतो. आमच्या धुऱ्यावर जे धोंडे टाकलेत त्यांतल्या एकावर ओळीने बारीक खळगे आहेत. लहानपणी आम्ही त्यात गोट्या खेळायचो. इथं वाचेपर्यंत मला वाटत होतं पावसानं झाले.

खापरतुकडा

हलवू नका, घासू नका, शेंदूर लावू देऊ नका. उतरत्या उन्हात फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून. धोंडा मूळ शेतात कुठे होता हे घरातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल तर आजच विचारून लिहून ठेवा, ती माहिती दुसरीकडे कुठेच नाही. फलकाची काळजी करू नका, सुट्या धोंड्यासाठी कोणी तुमचं घर अडवत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

वऱ्हाडी_ठेचा

कोरडवाहू भाऊ, गोट्या सापडल्या तं सांगजा. दहा रुपयांच्या वर गेल्या तं कलेक्टरले कळवा लागन.